संघाचा सौदा : किंमत आणि मुदत

व्यावसायिक क्रीडासंघ विकला जातो, तेव्हा नेमके काय विकले जाते? इंडियन प्रीमियर लीगमध्ये मैदान संघमालकाचे नसते आणि खेळाडू करारापुरतेच बांधलेले असतात. मालकाच्या हाती मुख्यत्वे असतो तो स्पर्धेत संघ उतरविण्याचा हक्क, आणि तो भारतीय क्रिकेट नियामक मंडळाशी झालेल्या करारातून लाभतो. म्हणूनच विक्रेता व ग्राहक यांचे किमतीवर एकमत होऊन भागत नाही. मंडळाची संमती लागते आणि संघ तारण ठेवलेला असल्यास धनको बँकांचीही.

हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स संघाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००८ साली डेक्कन क्रॉनिकल होल्डिंग्ज या कंपनीने सुमारे १० कोटी ७० लाख डॉलरची बोली लावून हा संघ मिळविला. २००९ साली तो अजिंक्यही ठरला. परंतु २०१२ मध्ये कंपनी कर्जाने जेरीस आली आणि संघ विक्रीस काढावा लागला. १३ सप्टेंबर रोजी पीव्हीपी व्हेंचर्सची ९०० कोटी रुपयांची एकमेव बोली आली. ती नाकारण्यात आली. लगोलग मंडळाने करारभंगाचे कारण देऊन करारच संपुष्टात आणला. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. तेथे घातलेली १०० कोटी रुपयांच्या बँक हमीची अट कंपनीला मुदतीत पाळता आली नाही. ऑक्टोबरमध्ये सन टीव्हीने दरसाल ८५.०५ कोटी रुपयांच्या बोलीवर हैदराबादचा नवा संघ घेतला. २०२० मध्ये लवादाने कंपनीला ४,८०० कोटींहून अधिक भरपाई मंजूर केली. मात्र २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द ठरविला.

यातून वाटाघाटींचा एक मूलभूत नियम स्पष्ट होतो. विक्रेत्याची खरी ताकद मागितलेल्या किमतीत नसून थांबण्याच्या क्षमतेत असते. देणी थकली आणि मूळ हक्क धोक्यात आला, की प्रत्येक दिवसागणिक ही क्षमता घटत जाते. आलेली बोली अपुरी वाटली, तरी तिची तुलना मनातील किमतीशी न करता, ती नाकारल्यास हाती काय उरेल याच्याशी करावयाची असते.

घर, दुकान वा व्यवसाय विकणाऱ्या सामान्य ग्राहकालाही हे तितकेच लागू आहे. प्रथम कर्जाची बाकी व बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र, नंतर अन्य संमती, आणि मग किंमत व हप्त्यांच्या तारखा, असा क्रम ठेवावा. विक्रीचा विचार हप्ते थकण्यापूर्वीच करणे केव्हाही श्रेयस्कर.