वायुविहिरीतील वाळू आणि तिच्या निष्कासनाची साधने

नैसर्गिक वायूच्या विहिरीतून केवळ वायूच वर येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः विहिरीच्या मुखाशी जो प्रवाह येतो तो वायू, पाणी, द्रवरूप हायड्रोकार्बन आणि घन कण यांचे मिश्रण होय. या घन कणांना तंत्रज्ञांच्या परिभाषेत सरसकट ‘वाळू’ असे म्हणतात. व्यवहारातील शब्दाहून या संज्ञेची व्याप्ती पुष्कळच मोठी आहे. खडकातून सुटलेले मूळ कण, खडकाला भेगा पाडताना वरून पाण्याबरोबर दाबाने घातलेली वाळू, नळांचा गंज, क्षारांची पुटे, सिमेंटचे तुकडे ही सर्व तीत समाविष्ट होतात. इतक्या भिन्न उत्पत्तीच्या वस्तू एका शब्दाखाली आल्या की शब्द सोयीचा होतो, पण विचार सैल होतो. निष्कासनाच्या साधनाची निवड कणाच्या आकारावर व घनतेवर अवलंबून असते, आणि ‘वाळू’ या शब्दातून यांपैकी काहीच कळत नाही.

वाळूचा उपद्रव दोन प्रकारचा असतो. ती पात्रांच्या तळाशी साचून त्यांची धारणक्षमता कमी करते, हा त्यातील सौम्य प्रकार. दुसरा प्रकार घर्षणाने होणाऱ्या झिजेचा. त्याने नळाला भोक पडून ज्वालाग्राही वायू बाहेर येऊ शकतो, व तेथे काम करणाऱ्यांच्या जिवाशी गाठ पडते. या झिजेची उपपत्ती इयान फिनी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली आहे. पोलादासारख्या तन्य धातूवर कण काटकोनात आदळला असता झीज सर्वाधिक होत नाही; तो २० ते ३० अंशांच्या तिरप्या कोनातून आला असता अधिक होते, कारण तेव्हा तो पटाशीप्रमाणे पृष्ठभाग तासतो. काचेसारख्या ठिसूळ पदार्थांची गोष्ट उलट आहे. नळाच्या वळणावरच प्रथम भोक का पडते, याचे उत्तर यात मिळते: वायू वळतो, परंतु जड कण सरळ जाऊ पाहतो व बाहेरच्या भिंतीला तिरपा घासतो. पोलादाच्या बाबतीत झीज ही वेगाच्या सुमारे २.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते असे मानतात. म्हणजे वेग दुप्पट झाला की झीज सुमारे सहापट होते.

येथे एका प्रचलित सूत्राचा परामर्श घेणे अवश्य आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘१४-ई’ या शिफारसपत्रात नळातील कमाल वेगाची मर्यादा दिली आहे. एक स्थिरांक घेऊन त्याला मिश्रणाच्या घनतेच्या वर्गमूळाने भागावयाचे. अखंड प्रवाहासाठी हा स्थिरांक ब्रिटिश परिमाणांत १०० धरतात. सूत्र सुटसुटीत आहे, आणि बहुधा म्हणूनच ते जेथे लागू नाही तेथेही वापरले जाते. त्यात वाळूचे प्रमाण, कणाचा आकार, वळणाची त्रिज्या यांपैकी एकही पद नाही. ते घनकणरहित प्रवाहासाठी आहे, आणि कण असल्यास वेग कमी ठेवावा असे त्या पत्रातच नमूद आहे. शिवाय सूत्राची दिशाच वाळूच्या बाबतीत उलटी पडते. घनता जितकी कमी तितका अधिक वेग सूत्राने संमत होतो. प्रत्यक्षात विरळ वायूत कणाला आवर घालणारे काही नसल्यामुळे तो पूर्ण वेगाने भिंतीवर जातो, तर दाट द्रवात त्याचा आघात मंदावतो. अर्थात जो प्रवाह सूत्राने निर्धोक ठरतो तोच वाळूच्या दृष्टीने धोक्याचा असू शकतो. ‘झीजवेग’ हे भारदस्त नाव सूत्राला मिळाले नसते, तर ही चूक कदाचित इतकी रूढ झाली नसती.

वाळू खालीच अडविणे हा सर्वांत जुना मार्ग. तो पाण्याच्या विहिरींवरून घेतलेला आहे. विहिरीच्या तळाशी तारांची चाळणी बसवून तिच्याभोवती बारीक खडीचा थर भरतात. खडीचा मध्यम आकार हा खडकातील वाळूच्या मध्यम आकाराच्या पाच ते सहापट असावा, हा सॉसियर यांचा १९७४ चा नियम आजही प्रमाण मानला जातो. तथापि अमेरिकेत टेक्ससमधील बार्नेट व पेनसिल्वेनियातील मार्सेलस या शेल-स्तरांच्या विकासानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. तेथे खडकाला भेगा पाडून त्या उघड्या राहाव्यात म्हणून एकेका विहिरीत हजारो टन वाळू मुद्दाम घालतात. तिचा काही अंश प्रारंभीच्या दिवसांत वायू व पाण्याबरोबर परत येतो. या काळापुरते विहिरीच्या मुखाशी साधन आणावयाचे व प्रवाह निवळला की ते दुसऱ्या विहिरीकडे न्यावयाचे, अशी रीत पडली.

ही भूपृष्ठावरील साधने तीन तत्त्वांवर चालतात. पैकी दोहोंना मराठी घरात फार पूर्वीपासून क्रियापदे आहेत: निवळणे आणि गाळणे. तिसऱ्यास क्रियापद नाही. ‘भोवरा’ या नामावर भागवावे लागते.

निवळण्याच्या साधनात प्रवाह अरुंद नळातून एका रुंद पात्रात येतो, त्याचा वेग मंदावतो आणि कण खाली बसतात. कण किती वेगाने बसेल हे स्टोक्स यांच्या १८५१ च्या नियमावरून काढता येते. पाण्यात २० मायक्रॉन व्यासाचा वाळूचा कण सेकंदाला सुमारे ०.३६ मिलिमीटर बसतो, म्हणजे एक मीटर खाली जाण्यास त्याला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. १५० मायक्रॉनचा कण तेच अंतर मिनिटाच्या आसपास कापतो. (या मोठ्या कणाला नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, प्रत्यक्ष वेग सूत्राने येणाऱ्या वेगाहून कमी असतो.) भेगांत घालावयाच्या वाळूचे कण बहुधा १०० मायक्रॉनच्या वर असल्यामुळे साधे पात्रही तेथे उपयोगी पडते. शेल-क्षेत्रांत हे पात्र अनेकदा गोलाकार असते, आणि त्याचे कारण शोभा हे नव्हे. समान व्यास व समान दाब असता गोलाच्या भिंतीवरील ताण नळकांड्याच्या भिंतीवरील परिघीय ताणाच्या निम्मा असतो. म्हणून भिंत निम्म्या जाडीची चालते, आणि गाडीवरून नेण्याच्या वस्तूत हा लाभ थोडका नाही.

भोवऱ्याच्या साधनात प्रवाह शंकूच्या आकाराच्या पात्रात स्पर्शरेषेने शिरतो व गरगर फिरतो. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या पेटीत उतरतात, वायू मध्यभागातून वर निघून जातो. ०.१५ मीटर त्रिज्येवर सेकंदाला १५ मीटर वेग असल्यास त्वरण गुरुत्वाच्या दीडशेपट होते. यावरून लहानशा पात्रातही बारीक कण का वेगळे होतात ते लक्षात येईल. ही युक्ती वायुक्षेत्रात जन्मलेली नाही. १८८० नंतरच्या दशकात ती गिरण्यांतील धूळ पकडण्यासाठी निघाली. तिचा दोष असा की, तिची शक्ती प्रवाहावरच अवलंबून असते. विहीर थकली, प्रवाह घटला, की फिरण्याचा वेग उतरतो व बारीक कण निसटू लागतात. शिवाय भिंतीवर वाळू फेकणे हेच तिचे कार्य असल्यामुळे आतील अस्तर सिरॅमिक किंवा टंगस्टन कार्बाइडचे करावे लागते.

गाळण्याच्या साधनात जाळीची टोपली असते. जाळीपुढचा व मागचा दाब यांतील फरक वाढला की ती भरत आली असे समजावे. एक भांडे रिकामे करताना प्रवाह खंडित होऊ नये म्हणून अशी दोन भांडी जोडीने ठेवतात.

साधन कोठे बसवावे, यात मोठे मर्म आहे. विहिरीच्या मुखानंतर दाब उतरविणारी झडप असते. तिला ‘चोक’ म्हणतात. दाब ३०० बारवरून ७० बारवर आला की वायूचे आकारमान स्थूलमानाने चौपट होते, व त्याच व्यासाच्या नळात वेगही चौपट होतो. खुद्द चोकच्या अरुंद छिद्रात तर वेग याहून कितीतरी अधिक असतो. म्हणून वाळू चोकच्या आधीच काढणे इष्ट. परंतु तेथे पूर्ण दाब असल्यामुळे पात्र जाड, जड व महाग होते.

सर्वांत नाजूक प्रसंग साचलेली वाळू बाहेर काढण्याचा. पात्रात शेकडो बार दाब, बाहेर वातावरणाचा दाब. एकाच झडपेतून वाळू सोडल्यास त्या फरकाने येणारा झोत ती झडपच कापून काढतो, आणि मग ती बंद होत नाही. यासाठी लागोपाठ दोन झडपा ठेवतात. एक केवळ उघडण्यामिटण्यासाठी असते, दुसरी झीज सोसण्यासाठी. उघडताना पहिली आधी, मिटताना दुसरी आधी. हा क्रम रात्रपाळीतल्या थकलेल्या माणसाकडून उलटा झाला की जिची राखण करावयाची तीच झडप कापली जाते. अधिक चांगली व्यवस्था म्हणजे वाळूची पेटी मुख्य पात्रापासून तोडून, तिचा दाब पूर्ण उतरवून, मगच ती धुऊन काढणे. किती वाळू साचली हे बाहेरून दिसत नाही. नळाच्या वळणावर बसविलेले ध्वनिग्राहक कणांच्या आघाताचा आवाज टिपतात, त्यावरून अंदाज बांधतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील वसई क्षेत्रातील वायू मुख्यतः चुनखडीच्या स्तरांत आहे. चुनखडी घट्ट असल्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पूर्व किनाऱ्यावर स्थिती निराळी आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ गटातील डी-१ व डी-३ या क्षेत्रांत एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील वाळूचे स्तर भूशास्त्रीय दृष्ट्या अलीकडचे आहेत. अशा स्तरात पाणी शिरले की कणांना धरून ठेवणारे बंध सैल होतात व वाळू वाहू लागते. पाणी व वाळू शिरल्यामुळे तेथील अनेक विहिरी एकामागून एक बंद कराव्या लागल्या. विहिरींची मुखे खोल समुद्राच्या तळाशी होती. जमिनीवर जसे मुखाशेजारी पात्र उभे करून माणसाने ते वेळोवेळी रिकामे करावे, तसे तेथे करता येत नव्हते. वाळू खाली अडली नाही तर प्रवाह कमी करणे किंवा विहीर बंद करणे, एवढेच हाती उरते. फेब्रुवारी २०२० मध्ये या दोन क्षेत्रांतील उत्पादन थांबले.