विक्रमादित्य : एक नाव, अनेक धनी

दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावरून झेपावणाऱ्या मिग-२९के विमानांचा गडगडाट वास्को परिसरातील रहिवाशांना नवा नाही. ही विमाने ज्या नौकेसाठी घेण्यात आली, ती आपल्या शेजारच्या कारवारच्या नौदल तळावर असते. नौकेचे नाव 'विक्रमादित्य'. तिला आजवर तीन नावे लाभली. १९८७ साली सोव्हिएत नौदलात ती 'बाकू' म्हणून दाखल झाली. पुढे सोव्हिएत संघ मोडीत निघण्याच्या सुमारास ती 'अ‍ॅडमिरल गोर्श्कोव्ह' झाली आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी भारतीय नौदलात येताना 'विक्रमादित्य' झाली. पहिले नाव एका शहराचे, दुसरे एका दर्यासारंगाचे. तिसरे नेमके कोणाचे, हा प्रश्न वरवर साधा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर प्रथम उज्जैनला जावे लागते आणि तिथेही ते एका वाक्यात मिळत नाही.

नाव की बिरुद?

'विक्रम' या शब्दाच्या मुळाशी पाऊल टाकण्याची क्रिया आहे. तीन पावलांत विश्व व्यापणारा विष्णू म्हणून त्रिविक्रम ठरला. पुढे टाकलेल्या पावलातून पराक्रमाचा अर्थ आला. त्याला सूर्यवाचक 'आदित्य' जोडला की पराक्रमाने तळपणारा राजा उभा राहतो. बारशाच्या दिवशी पाळण्यात ठेवायच्या नावापेक्षा राज्याभिषेकाच्या वेळी धारण करायच्या बिरुदाशी याचे नाते अधिक जवळचे आहे. मराठीने तर 'विक्रम' हे सामान्यनामच करून टाकले. धावपटूने वेळ कमी केली की क्रीडापानावर 'नवा विक्रम' झळकतो आणि तो लिहिताना उज्जैनच्या राजाची आठवण कोणाला होत नाही.

दोन शब्दांच्या सांध्यातून कीर्ती किंवा सत्ता सांगणारी नावे घडवण्याची रीत केवळ आपली नाही. रशिया, युक्रेन, पोलंड, सर्बिया या स्लाव्ह भाषांच्या प्रदेशांत ती आजही रुळलेली आहे. व्लादिमिर, यारोस्लाव्ह, स्व्यातोस्लाव्ह ही त्याच घडणीची नावे. त्यांतला 'स्लाव्ह' म्हणजे कीर्ती आणि संस्कृतातील 'श्रवस्' हा त्याचा सख्खा भाऊबंद. महाभारतातील 'भूरिश्रवा' म्हणजे ज्याची कीर्ती विपुल आहे असा. अभिनेत्री देविकाराणीचे पती, बंगळूरला स्थायिक झालेले चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्या नावातही तोच शब्द आहे. 'व्लादिमिर' या नावातील 'व्लाद' सत्ता सांगतो. या नावाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

उज्जैनचा राजा

उज्जैनमध्ये विक्रमादित्य पावलोपावली भेटतो. हरसिद्धी ही त्याची आराध्य देवता मानली जाते. तिच्या मंदिरापुढच्या दोन उंच दीपमाळा मात्र मराठी राजवटीची आठवण देतात. दौलतराव शिंदे यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवेपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे प्रमुख ठाणे होते आणि महाकालेश्वराचे आजचे मंदिर राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी अठराव्या शतकात उभारले. या नगरीची स्मृती अशी अनेक थरांची आहे. विक्रमादित्य हा त्यांतला सर्वांत खोलवरचा आणि सर्वांत धूसर थर.

जैन परंपरेतील कालकाचार्यांची कथा अशी : उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाने साध्वीचे हरण केले. तिच्या बंधूने, म्हणजे कालकाचार्यांनी, शकांना पाचारण करून त्याचा पाडाव करविला. पुढे विक्रमादित्याने त्या शकांना हुसकावले आणि आपला संवत् सुरू केला. या संवताचा प्रारंभ इसवी सनापूर्वी ५७ मध्ये पडतो. त्याच्या दरबारी कालिदास, वराहमिहिर आदी नवरत्ने होती, असेही परंपरा सांगते. परंतु वराहमिहिराच्या 'पंचसिद्धांतिके'तील गणिताचे आरंभवर्ष शके ४२७, म्हणजे इसवी सन ५०५ आहे. इसवी सनापूर्वीच्या राजाच्या दरबारात तो बसू शकत नाही. नवरत्नांची यादी उत्तरकालीन आहे आणि निरनिराळ्या शतकांतील विद्वानांना तिने एका सभेत आणून बसविले आहे.

शिलालेख काय सांगतात?

कथांपेक्षा शिलालेखांची साक्ष अधिक नेमकी. या संवताचे जुने लेख राजस्थान आणि माळव्यात सापडतात. पण त्यांत विक्रमाचे नाव नाही. राजस्थानातील नांदसा येथील यूपस्तंभावर 'कृत' वर्ष २८२, म्हणजे इसवी सन २२६ च्या सुमाराची नोंद आहे. मंदसोर येथे रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधले. त्याच्या शिलालेखात हीच गणना मालव गणाच्या नावाने येते आणि मंदिराचे वर्ष ४९३ दिले आहे, म्हणजे इसवी सन ४३६ च्या आसपास. कालगणनेला विक्रमाचे नाव निश्चितपणे जोडलेले दिसते ते धोलपूरच्या ८९८ वर्षाच्या लेखात, म्हणजे इसवी सन ८४२ मध्ये. कालगणना सुरू झाल्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी.

यावरून इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विक्रम नावाचा राजा नव्हताच, असे सिद्ध होत नाही. पुरावा नसणे आणि अस्तित्व नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिद्ध होते ते इतकेच की, संवत् प्रथम मालवांचा म्हणून ओळखला जात होता आणि विक्रमाचे नाव त्याला नंतर चिकटले. कालगणनेला राजाचे नाव देण्यापूर्वी ते नाव लोकांच्या मनात पुरेसे मोठे व्हावे लागते. ते मोठे कसे झाले, याचा धागा मात्र बराचसा हाती लागतो.

बिरुदाचे वारसदार

गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात माळवा-गुजरातमधील शक क्षत्रपांची सत्ता संपवली आणि उज्जैन त्याच्या ताब्यात आले. 'विक्रमादित्य' हे बिरुद त्याच्या नाण्यांवर आहे. शकांचा पाडाव, उज्जैनवरील सत्ता आणि विक्रम हे नाव, या तिन्ही गोष्टी इथे एकत्र सापडतात. म्हणून अनेक इतिहासकारांना आख्यायिकेतील राजाची मुख्य छटा याच्यात दिसते. त्याची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भातील वाकाटकांच्या घरात दिली होती. या नावाचा दरारा महाराष्ट्राच्या भूमीवर पोहोचण्याचा तो एक मार्ग.

दक्षिणेत बदामीच्या आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांनी हे नाव पुन्हा पुन्हा धारण केले. त्यांतला सहावा विक्रमादित्य इसवी सन १०७६ मध्ये गादीवर आला. त्याने शकगणना बाजूला सारून स्वतःच्या नावाने 'चालुक्य विक्रम' काल सुरू केला. काश्मीरचा कवी बिल्हण याने त्याच्यावर 'विक्रमांकदेवचरित' हे महाकाव्य रचले. गोमंतकाशी त्याचे नाते सोयरिकीचे : त्याची कन्या मैललदेवी ही गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसऱ्या जयकेशीची राणी. आज कारवारच्या ज्या तळावर 'विक्रमादित्य' नौका असते, त्या तळाचे नाव 'आयएनएस कदंब' आहे. नऊ शतकांपूर्वीचे व्याही असे एका बंदरात पुन्हा शेजारी आले.

उत्तरेत हेमूने १५५६ मध्ये दिल्ली जिंकली आणि हेच बिरुद घेतले. काही आठवड्यांतच पानिपतच्या दुसऱ्या लढाईत त्याचा अंत झाला. नाव घेण्याने विजय मिळत नाही. मिळालेल्या विजयाला मात्र ते जुन्या परंपरेत बसवते.

कथांतून घराघरांत

राजांनी बिरुद मिरवले, पण नाव जिवंत ठेवले ते कथांनी. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'त एका गाथेत विक्रमादित्याच्या दातृत्वाचा उल्लेख येतो. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाला खांद्यावर वाहून नेणारा राजा आहे त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी उज्जैन नसून गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. पुढे लोकस्मृतीने त्रिविक्रमसेनाला विक्रमात मिसळून टाकले आणि कथा उज्जैनला गेली.

मराठी छपाईच्या अगदी आरंभकाळात, १८१४ साली, बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून 'सिंहासन बत्तिशी' मराठीत छापली गेली. नंतरच्या पिढ्यांना विक्रम-वेताळ भेटले 'चांदोबा'च्या पानांवर. गोव्यात वेताळ हा गोष्टीतला पिशाच्च नाही. आमोणे, लोलये अशा गावांचा तो राखणदार देव आहे. त्यामुळे विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोमंतकीय श्रोत्याला काहीसा वेगळा, ओळखीचा वाटला तर नवल नाही.

विसाव्या शतकातील पुनर्जन्म

विक्रम संवताला दोन हजार वर्षे झाली ती १९४३-४४ च्या सुमारास. उज्जैनचे पंडित सूर्यनारायण व्यास यांनी या निमित्ताने मोठी चळवळ उभारली. त्यांनी 'विक्रम' नावाचे मासिक चालवले आणि उज्जैनला विद्यापीठ हवे ही मागणी लावून धरली. १९४५ मध्ये विजय भट्ट यांचा 'विक्रमादित्य' हा चित्रपट आला. त्यात राजाची भूमिका पृथ्वीराज कपूर यांची होती. पारतंत्र्याच्या अखेरच्या वर्षांत परचक्र हटवणाऱ्या राजाची स्मृती जागवण्यामागचा हेतू प्रेक्षकांना सांगावा लागला नाही.

१९५७ मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्याला 'सम्राट विक्रमादित्य' असे पूर्ण नाव देण्याचे ठरवले. त्याआधी २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील वेधशाळेच्या आवारात 'विक्रमादित्य वैदिक घड्याळ' सुरू झाले. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ ते तीस मुहूर्तांत मोजते. 'विक्रम' हे सर्वांना सामावणारे नाव होते. 'सम्राट विक्रमादित्य' म्हटले की एका निश्चित व्यक्तीकडे बोट जाते. इथे गौरव आणि इतिहास यांच्यातील रेषा जपण्याची जबाबदारी वाढते आणि ती सर्वाधिक विद्यापीठावरच येते.

एका गोदीतील दोन नावे

आता पुन्हा नौकेकडे. ती बांधली गेली काळ्या समुद्रानजीकच्या निकोलायेव्ह येथे. ते शहर आज युक्रेनमध्ये असून मिकोलाईव्ह म्हणून ओळखले जाते. तिची पुनर्बांधणी झाली उत्तर रशियातील सेव्हेरोद्विन्स्क येथील सेव्हमाश गोदीत. ते काम पूर्ण होण्याआधीच, ३० जुलै २०१२ रोजी, त्याच गोदीत एका अणुपाणबुडीच्या बांधणीचा शुभारंभ झाला. तिचे नाव 'क्न्याझ व्लादिमिर', म्हणजे राजा व्लादिमिर.

हा व्लादिमिर कीव्हचा. त्याचा पिता स्व्यातोस्लाव्ह आणि पुत्र यारोस्लाव्ह. इसवी सन ९८८ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १०१५ मध्ये तो मरण पावला. त्याच्या अस्तित्वाविषयी वाद नाही. वाद आहे तो वारशाचा. कीव्हमध्ये १८५३ पासून त्याचा पुतळा आहे. मॉस्कोत क्रेमलिनजवळ २०१६ मध्ये दुसरा उभा राहिला. रशियन त्याला व्लादिमिर म्हणतात, युक्रेनियन वोलोदिमिर. आज परस्परांशी लढणाऱ्या या दोन देशांच्या अध्यक्षांची नावेही हीच, एकाच नावाचे दोन उच्चार.

व्लादिमिर कोण हे ठाऊक आहे, म्हणून तो कोणाचा यावर भांडण आहे. विक्रमादित्याच्या बाबतीत तो कोण हेच निश्चित नाही आणि नेमके म्हणूनच ते नाव मालवांच्या संवताला, गुप्तांच्या नाण्यांना, चालुक्यांच्या गादीला, हेमूच्या धाडसाला आणि काळ्या समुद्राकाठी जन्मलेल्या पोलादी नौकेलाही शोभले. त्याला एकाच माणसाशी कायमचे बांधले, तर उरलेले सगळे धनी बेदखल होतील.

आपल्या पंचांगात शालिवाहन शक आणि विक्रम संवत् शेजारी शेजारी छापलेले असतात. इसवी सनातून ७८ वजा केले की साधारणपणे शक मिळतो, ५७ मिळवले की संवत्. ही बेरीज-वजाबाकी बिनचूक येते. ती कोणी सुरू केली, याचे उत्तर अजून यायचे आहे, आणि ते येईपर्यंत राजाची गोष्ट गोष्ट म्हणून सांगण्यात त्याचा कोणताही अवमान नाही.