८० टक्के आले कुठून?

२००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अलास्का राज्याच्या खटल्याचा निकाल लागला. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्यांची जाहीर यादी करायची आणि तीत जुने गुन्हेगारही ओढायचे, असा तो कायदा. ही नवी शिक्षा की नुसती खबरदारी, एवढाच वाद होता. राज्याची बाजू मांडली जॉन रॉबर्ट्स यांनी. तेच २००५ साली सरन्यायाधीश झाले. राज्य जिंकलं. हे लोक पुन्हा गुन्हा करण्याचा धोका ‘भयावह आणि मोठा’ आहे, असं न्यायमूर्ती अँथनी केनेडींनी लिहिलं.

या शब्दांमागे एक आकडा होता. उपचार न घेतलेल्यांपैकी ८० टक्के पुन्हा तेच करतात, असा अंदाज केनेडींनी आदल्या वर्षीच्या निकालात दिला होता. त्याला आधार न्याय खात्याच्या १९८८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेचा. पुस्तिकेनं तो उचलला १९८६ च्या ‘सायकॉलॉजी टुडे’ मासिकातून. आणि मासिकात? ऑरेगनमध्ये अशा कैद्यांवर उपचार करणाऱ्यांनी लिहिलेलं एक वाक्य. त्यामागे ना पाहणी, ना तक्ता. आयरा आणि टारा एलमन यांनी हा माग काढून छापला, तोवर २०१५ साल उजाडलं होतं. दरम्यान देशभरातली न्यायालयं तेच शब्द आपापल्या निकालांत उतरवत होती.

केंद्र सरकारचीच मोजणी वेगळं सांगत होती. १५ राज्यांतून १९९४ साली सुटलेल्या ९,६९१ गुन्हेगारांपैकी तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी पकडले गेले ५.३ टक्के. पुष्कळ गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून खरा आकडा मोठा असणार, हे मान्य. पण ८० ला त्यातून आधार मिळत नाही.

अशा याद्या देशभर सक्तीच्या झाल्या त्या एका आईच्या प्रश्नातून. २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री मिनेसोटातल्या सेंट जोसेफ गावातून ११ वर्षांच्या जेकब वेटरलिंगला पळवलं गेलं. काय हाताशी असतं तर तुम्हाला उपयोग झाला असता, असं पॅटी वेटरलिंग यांनी तपास करणाऱ्यांना विचारलं. भागात असे गुन्हेगार कोण आहेत ते ठाऊक असतं तर, असं उत्तर आलं. १९९४ साली जेकबच्या नावानं कायदा झाला. यादी मुख्यतः पोलिसांसाठी होती. त्याच वर्षी न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून झाला. करणारा समोरच्या घरात राहत होता, आधी शिक्षा भोगलेला. आम्हाला सांगितलं का नाही, हा तिच्या आईवडिलांचा सवाल कोणाच्याही काळजाला भिडेल असाच. १९९६ पासून यादी लोकांसाठी खुली झाली.

मग कायदे कडक होत गेले. मायामीत शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहायला बंदी आली आणि सुटलेली माणसं ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. ज्याला घर नाही, नोकरी नाही, त्याच्यावर नजर तरी कशी ठेवायची? मिनेसोटाच्या तुरुंग खात्यानं पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ जणांची प्रकरणं तपासली. अशा बंदीनं टळला असता असा एकही गुन्हा सापडला नाही. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अभ्यासकांना २०११ साली आढळलं, की पोलिसांकडच्या नोंदीनं गुन्हे घटतात. पण नाव चव्हाट्यावर आलं, की यादीतली माणसं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते.

भारतानं २०१८ साली अशी यादी केली, ती फक्त पोलिसांना बघता येते. ती तशीच राहावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो; अनोळखी माणसांची यादी चाळून त्याच्यापासून बचाव होत नाही.

पॅटी वेटरलिंग यांनीच पुढे राहण्यावरच्या बंदीला आणि अल्पवयीन मुलांची नावं यादीत घालण्याला जाहीर विरोध केला. जेकबच्या मारेकऱ्यानं २०१६ साली कबुली दिली. पोलिसांनी त्याला तेव्हाच चौकशी करून सोडलं होतं. जेकबच्या आधी नऊ महिने त्यानं जवळच्या गावातल्या एका मुलाला पळवून त्याच्यावर अत्याचार केला होता. तो गुन्हाही २६ वर्षं उलगडला नव्हता.