लेखांक ७ : आधी यंत्र, मग ओटा

मागच्या लेखांकात सिंकची जागा ठरवताना त्याच्या लगतचे दोन फूट मोकळे सोडले होते, ते डिशवॉशरसाठी. हॉल आणि किचन एकत्र असलेल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसलं की समोर ओटा दिसतो, त्यामुळे हे यंत्र झाकायचं कसं, हाच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. त्यासाठी पॅनल-रेडी डिशवॉशर मिळतात. दुकानात त्यांना ‘फुल्ली इंटिग्रेटेड’ म्हणतात. त्यांच्या दाराला दर्शनी बाजू नसतेच. नुसता पत्रा असतो आणि बाकीच्या शटर्सना जुळेल अशी फळी सुतार त्यावर बसवतो. बटणं दाराच्या वरच्या कडेवर असल्यानं दार लावलं की तीही ओट्याखाली गडप होतात. यंत्र चालू आहे हे कळावं म्हणून काही मॉडेल्स फरशीवर लाल ठिपका किंवा उरलेली मिनिटं उमटवतात.

दुकानात आपण आवाज किती, भांडी किती मावतात, कार्यक्रम किती हे विचारतो. विचारावंच. पण हे यंत्र घेणं म्हणजे खरेदी थोडी आणि बांधकाम फार. मॉडेल ठरवावं, त्याचं इन्स्टॉलेशन ड्रॉइंग मिळवावं, गवंडी, प्लंबर आणि सुतार तिघांच्या हातात एकेक प्रत द्यावी, मग ओटा घालायला सांगावं. आपल्याकडे ओटा आधी होतो, यंत्र दिवाळीच्या ऑफरमध्ये येतं, आणि मग इंची टेप निघते.

सगळं अडतं ते उंचीवर. बहुतेक युरोपीय धाटणीच्या यंत्रांना ६०० मिलिमीटर रुंद, किमान ५५० खोल आणि ८१५ ते ८७५ उंच अशी जागा लागते. पाय फिरवून यंत्र वर घेता येतं, ८१५च्या खाली मात्र ते येत नाही. आता आपला ओटा बघा. बायकांच्या उंचीला सोयीचा म्हणून तो ३२ ते ३४ इंच ठेवायची पद्धत आहे. ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर. त्यातून १८-२० चा ग्रॅनाइट आणि त्याखालचा वीस-पंचवीसचा कडप्पा वजा केला की हातात उरतात जेमतेम ८२०. तेवढ्यात यंत्र जाईल. पण कडप्प्याची कड दिसू नये म्हणून गवंडी पुढून ग्रॅनाइटची पट्टी लावतो, आणि ती दोन इंची असली की उरतात ८१३. दोन मिलिमीटरसाठी यंत्र बाहेर उभं! ३२ इंची ओट्याबद्दल तर बोलायलाच नको.

यावर दोन मार्ग आहेत. ओटा ३५-३६ इंच करायचा, किंवा तेवढ्या दोन फुटांत खालचा कडप्पा वगळून ग्रॅनाइट दोन्ही बाजूंच्या उभ्या आधारांवर ठेवायचा आणि पुढची पट्टी तिथे बारीक घ्यायची. पाच फुटांच्या आत उंची असलेल्या बाईला ३६ इंची ओट्यावर रोज पोळ्या लाटायला लावणं मला पटत नाही. यंत्रासाठी खांदे दुखवून घेऊ नयेत. तिथे दुसरा मार्गच बरा.

उभे कडप्पे ओळंब्यात आहेत का, हेही त्याच वेळी बघावं. पुढून ६०० आणि मागे ५९० भरले तर यंत्र अर्ध्यात अडकतं. जुन्या इमारतींतले २२ इंची ओटे खोलीतच बाद होतात, कारण पुढचा इंचभर लोंबता भाग सोडला तर आत ५३५ सुद्धा भरत नाहीत. आणि फरशी यंत्राच्या खालपर्यंत एकसलग हवी. यंत्र बसल्यावर पुढे नवी टाइल चढवली की दुरुस्तीसाठी ते बाहेर काढताना ओटा फोडायची पाळी येते.

आता फळीकडे वळू. सुतार इंच आणि सुतात बोलतो, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या जरा वर. दोन शटर्समधली फट साधारण तेवढीच ठेवतात, तेव्हा ‘एखादं सूत इकडेतिकडे’ इथे चालत नाही. यंत्राबरोबर कागदी साचा येतो; तो फळीच्या मागच्या बाजूला चिकटवून भोकांच्या खुणा करायच्या. खुणा एकदा चुकल्या की फळी वाया.

वजनाचं गणित कुणीच करत नाही. साधारण ५९५ बाय ७०० ची, दोन्हीकडून लॅमिनेट लावलेली १८ मिलिमीटर प्लायची फळी साडेपाच-सहा किलोची होते. दाराची स्प्रिंग किती पेलेल याची मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी, पण अनेकांत ती सात-आठ किलोंच्या आसपास असते. त्या फळीवर चार मिलिमीटरची काच चढवली की आणखी चार किलो. मग दार सोडलं की धाडकन खाली. म्हणून काचेची हौस वरच्या कपाटांवर भागवावी.

आणखी एक खोच स्कर्टिंगची. दार उघडताना फळीची खालची कड आत वळते. बाकीची शटर्स जमिनीपासून चार इंचांवर थांबत असतील तर साधी बिजागरी चालते. दोनच इंच स्कर्टिंग ठेवलं तर फळी लांब होते आणि दार उघडताना स्कर्टिंगवर आपटते. अशा ठिकाणी सरकत्या बिजागरीचं मॉडेलच घ्यावं लागतं, आणि ते खरेदीआधी ठरवायचं असतं.

यंत्र वरून अडकवायच्या पट्ट्या लाकडी ओट्यासाठी असतात. ग्रॅनाइटमध्ये स्क्रू जात नाही, तेव्हा यंत्र बाजूच्या कपाटांना जखडायचं. तसं केलं नाही तर भरलेली जाळी पुढे ओढताच ते पुढे झुकतं.

पाण्याचं म्हणाल तर थंड पाण्याची वेगळी पाऊण इंची चावी, म्हणजे अँगल कॉक, सिंकखाली द्यावी. बहुतेक यंत्रांना अर्धा बार दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याला सुमारे एक बार दाब असतो, म्हणजे टाकी नळापासून पाचेक मीटर वर हवी. शेवटच्या मजल्यावर, गच्चीतल्या टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांना हे मिळत नाही. त्यांनी प्रेशर पंपाचा खर्च धरून चालावं. सांडपाण्याचा पाइप सिंकच्या ट्रॅपला जोडताना आधी तो ओट्याच्या खालच्या अंगापर्यंत उंच चढवून मग खाली आणायचा, म्हणजे सिंकमधलं खरकटं पाणी यंत्रात उलटं येत नाही. १६ अँपिअरचा अर्थिंगसह सॉकेट सिंकखालच्या कपाटात, पण पाण्याच्या जोडणीपासून दूर आणि उंचावर ठेवा. यंत्राच्या मागे कधीच नको. आणि पाइप जातात त्या भोकांना जाळी लावा. उंदराला रबर फार आवडतं.

बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांनी पाण्याचा कठीणपणा तपासून घ्यावा. यंत्रात पाणी मऊ करणारा भाग असतो आणि अनेक मॉडेल्समध्ये तो साधारण ८९० पीपीएमपर्यंत पुरतो. पण आपल्या पाण्याचा आकडा यंत्रात भरावा लागतो आणि त्याचं खास जाड मीठ घालावं लागतं. घरातलं आयोडीनयुक्त बारीक मीठ चालत नाही.

एवढं सगळं करून पॅनल हवंच का? स्वयंपाकघराला दार असेल तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. स्वतंत्र उभं राहणारं यंत्र स्वस्त पडतं, अनेकांचं वरचं झाकण काढलं की तेही ओट्याखाली जातं, आणि मेकॅनिकला ते ओढून काढणं सोपं जातं. दिवाणखान्यातूनच ओटा दिसत असेल तर मात्र पॅनलचे पैसे वसूल होतात.

बसवून झाल्यावर सुताराला लगेच स्कर्टिंग ठोकू देऊ नका. एक पूर्ण फेरी रिकामी चालवा, टॉर्च लावून खाली ओल दिसते का बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, मग स्कर्टिंग लावा. पुढच्या आठवड्यात कढई, कुकर आणि लोखंडी तवा : कुठलं भांडं या यंत्रात जातं आणि कुठलं हातानंच घासावं लागतं.