सातारा ते सांगली, आठ सेकंदांत

सातारा ते सांगली, कराड आणि पेठ नाक्यावरून, साधारण 120 किलोमीटर. एसटीला अडीच-तीन तास सहज लागतात. उपग्रहाच्या नेहमीच्या रासायनिक इंजिनातून सुटणारा वायू सेकंदाला 3 किलोमीटर पळतो; त्याला हे अंतर 40 सेकंदांचं. विजेवर चालणाऱ्या हॉल थ्रस्टरमधले झेनॉनचे कण सेकंदाला 15 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतात. म्हणजे आठ सेकंदांत सांगली!

कण जितक्या जोरात मागे फेकावेत, तितकं कमी इंधन पुरतं. या इंजिनात चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनना गोल फिरवत अडकवून ठेवतं. ते झेनॉनच्या अणूंवर आदळून त्यांचे आयन करतात आणि विद्युतक्षेत्र त्या आयनांना बाहेर भिरकावतं. धक्का मात्र अगदीच किरकोळ. नासाच्या ‘डॉन’ यानावर आयन इंजिन होतं, जातकुळी हीच. त्याचा जोर जास्तीत जास्त 90 मिलिन्यूटन, म्हणजे दोन कोऱ्या कागदांच्या वजनाइतका. पण ते वर्षानुवर्षं चालत राहिलं आणि 2007मध्ये निघालेलं यान आधी वेस्टा हा लघुग्रह, मग सेरेस हा बटुग्रह गाठू शकलं. जमिनीवरून उडायला हे इंजिन कधीच कामाचं नाही.

आपल्याकडे 2010मध्ये जीसॅट-4 उपग्रहावर अशा इंजिनाची चाचणी व्हायची होती, पण रॉकेटच कोसळलं. 5 मे 2017ला उडालेल्या जीसॅट-9वर ते जमलं. पण तो दोन टनांहून जड उपग्रह.

खरी पंचाईत छोट्यांची. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ 22 जून 2016ला पीएसएलव्हीतून गेला. वजन किलोभर, आकार 10 सेंटिमीटरचा ठोकळा. दिशा धरायला चुंबक, इंजिन नाहीच. समोरून अवकाशकचरा आला, तरी बाजूला होणं त्याच्या हातात नव्हतं. ठोकळ्याच्या एका बाजूवर ऊन पडतं तेच जेमतेम 14 वॉटचं, त्यातून वीज मिळते चौथा हिस्सा. हॉल थ्रस्टरला शेकडो वॉट लागतात. वर झेनॉन महाग, आणि तो दाबाखाली भरायला भक्कम टाकी हवी.

माझ्या मते यातली टाकीची अडचण सोडवणारी सगळ्यात हुशार युक्ती आयोडीनची. घन, गडद जांभळट स्फटिक. ना दाब, ना जाड टाकी. थोडं तापवलं की वाफ. अणूही जवळजवळ झेनॉनइतकाच जड. फ्रान्सच्या थ्रस्टमी कंपनीने 2020मध्ये सुमारे 20 किलोच्या उपग्रहावर आयोडीनचं इंजिन चालवून त्याची कक्षा बदलली. मोठा त्रास म्हणजे, आयोडीन धातू खातं. त्यामुळे वाफ जिथे जिथे पोचते, तिथला प्रत्येक धातूचा भाग जपावा लागतो.