निघोजचे रांजणखळगे

सृष्टींतील चमत्कारांचें नांव काढलें कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें नायगाराचा धबधबा, आइसलंडांतील कढत पाण्याचे फवारे, नाहीं तर व्हेसूव्हियस पर्वत उभा राहतो. पुस्तकांत चित्रें त्यांचींच असतात; मुलांस तरी बोल कसा लावावा? परंतु आपल्याच जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील निघोज गांवाजवळ, कुकडी नदीच्या पात्रांत जें दृश्य आहे तें या पंक्तीस बसविण्यास मला यत्किंचितहि संकोच वाटत नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं नववीच्या मुलांस घेऊन मी तेथें गेलों होतों. त्या भेटींत जें पाहिलें, आणि मागाहून जे प्रश्न निघाले, त्यांविषयीं येथें लिहितों.

कुकडी ही जुन्नर तालुक्यांत, नाणेघाटाच्या बाजूस उगम पावते, आणि पुढें घोड नदीस मिळून तिच्यासह भीमेस जाते. निघोजपाशीं तीच जिल्ह्याची हद्द आहे; अलीकडचा कांठ आपल्या नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, पलीकडचा पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्याचा. कांठावर मळगंगा देवीचें स्थान असून यात्रेच्या दिवसांत भाविकांची तेथें दाटी होते. लोक या ठिकाणास कुंड म्हणतात. देवळापासून थोडें पुढें गेलें कीं पात्र एकाएकीं खोल जातें, आणि काळ्या कातळांत खळगेच खळगे दिसूं लागतात. एखाद्या कुंभारानें आपला सारा माल गळ्यापर्यंत जमिनींत पुरून ठेविला आहे असा भास होतो. कांहीं खळगे काथवटीएवढे, कांहींत म्हैस मावेल, आणि कांहीं इतके खोल कीं आंत उभ्या राहिलेल्या मनुष्याचें डोकेंहि वर येऊं नये. पुष्कळांचें तोंड लहान व पोट मोठें. त्यांस रांजणखळगे म्हणतात, आणि याहून समर्पक नांव कोणत्याहि शास्त्रीय कोशांत सांपडणार नाहीं. आंतली भिंत हातानें चाचपून पाहिली तर ती घासून गुळगुळीत केलेली लागते.

हे खळगे कोणीं केले, असा प्रश्न मीं मुलांस घातला. एकानें पांडवांचें नांव सांगितलें. आपल्याकडे दगडांतील कोणतेंहि अवघड काम पांडवांच्या नांवावर घालण्याची रीतच आहे. दुसऱ्यास वाटलें कीं पूर्वीं येथें तप्त रस उकळत असतां त्यावर बुडबुडे आले असावे. तिसरा मुलगा कांहींच बोलला नाहीं. त्यानें एका उथळ, कोरड्या खळग्यांत उतरून तळाची वाळू उकरली आणि लिंबाएवढे चार वाटोळे गोटे काढून माझ्या हातावर ठेविले. कारागीर आंतच बसलेले होते!

पाणी कितीहि जोराचें असलें तरी या कठीण कातळास तें एकटें भोंक पाडूं शकत नाहीं. त्यास हत्यार लागतें, आणि हत्यार म्हणजे गोटे व वाळू. आपला दख्खनचा खडक तप्त रसाचे थरावर थर थिजून झालेला आहे. त्या रसांतील वायूमुळें खडकांत जागजागीं लहान पोकळ्या राहिल्या आहेत, आणि थिजतांना तो आंखडल्यामुळें त्यास चिरा पडल्या आहेत. पुराचें पाणी अशा एखाद्या चिरेवरून अथवा खांचेवरून धांवूं लागलें म्हणजे तेथें भोंवरा उत्पन्न होतो. त्यांत एखादा गोटा सांपडला कीं त्याची सुटका होत नाहीं. तो गरगर फिरत खालचा दगड उगाळीत राहतो. उखळांत कांडतांना मुसळ वरखालीं होतें, येथें तें वाटोळें फिरतें, एवढाच भेद. गोटा स्वतः झिजून त्याची वाळू होते, तीहि घासण्याच्या कामीं येते, आणि पुढच्या पुरांत नवा गोटा कामावर रुजू होतो. कांहीं गोटे व कण अकीक आणि गारगोटीचे असतात. हीं द्रव्यें त्याच खडकाच्या पोकळ्यांत सांचून झालेलीं, परंतु त्या खडकाहून अधिक कठीण. म्हणजे खडक फोडण्याची छिणी नदीस खडकाच्याच पोटांतून मिळाली.

मग रांजणाचें पोट मोठें कां? याचें उत्तर मुलांनीं थोड्या विचारानें आपण होऊन काढलें, त्याचा मला विशेष आनंद झाला. जड गोटे तळाशीं राहतात, आणि फिरतांना बाहेरच्या अंगास फेकले जातात. त्यामुळें खालची भिंत जितकी झिजते तितकें तोंड झिजत नाहीं. शेजारशेजारचे दोन रांजण वाढतां वाढतां एकमेकांस भिडले कीं मधली भिंत पातळ होते, तिला खिडकी पडते, आणि अखेर ती कोसळते. अशा मोडक्या रांजणांची रांग लागली म्हणजे पात्राला खोल घळ पडते. कुंडाजवळची घळ पाहतांना तिच्या दोन्ही भिंतींवर अर्ध्या रांजणांचीं पोटें अजून दिसतात. तेव्हां हे खळगे म्हणजे नदीचा खेळ नव्हे. कातळांतून वाट काढण्याची ही तिची एक रीतच आहे.

बोपदेवाची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक आळशी मुलास एकदां तरी ऐकावी लागते. विहिरीच्या दगडास घागरी ठेवून ठेवून पडलेले खळगे पाहून तो पुनः अभ्यासास लागला व मोठा व्याकरणकार झाला, असें सांगतात. आम्ही शिक्षक त्या गोष्टींतून उद्योगाचा धडा काढतों आणि दगडाकडे पाहावयाचें विसरतों. बोपदेवानें पाहिलें तें भूगर्भशास्त्रच होतें!

असे खळगे पृथ्वीवर इतरत्रहि आहेत. स्वित्झर्लंडांतील लूसर्न शहरीं १८७२ सालीं एका गृहस्थानें द्राक्षमद्याच्या तळघरासाठीं खणावयास घेतलें, तों खालीं असेच रांजण लागले. त्यांतील सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल व आठ मीटर रुंद आहे. ते हिमयुगांतील बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्यानें झालेले. त्या गृहस्थानें तळघराचा नाद सोडून तेथें प्रेक्षणीय स्थळ केलें व तें आजतागायत चाललें आहे.

परंतु मला लिहावयाचें होतें तें याहून निराळें. सहलीनंतर आठवड्याभरानें एका मुलाचे वडील मला भेटावयास आले. "मास्तर, तुम्हीं पोराला सांगितलेंत कीं तो दगड साडेसहा कोटि वर्षांचा आहे. मग रात्रीं आम्ही घरीं उत्पत्तीचें पुस्तक वाचतों, त्यांत सहा दिवस आहेत, त्याचें काय?" त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती, म्हणूनच तो प्रश्न मला टाळतां येईना.

प्रथम मीं त्यांस सांगितलें कीं पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असें पवित्र शास्त्रांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. आयर्लंडांतील आर्चबिशप जेम्स अशर यांनीं वंशावळींतील वर्षांची बेरीज करून १६५० सालीं सृष्टीची उत्पत्ति ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षीं झाली असें गणित मांडलें. पुढें तें इंग्रजी पवित्र शास्त्राच्या समासांत छापलें जाऊं लागलें, आणि समासांतला आंकडा लोक मूळ वचनाइतकाच पवित्र मानूं लागले. त्याच्या कितीतरी आधीं, पांचव्या शतकांत, संत ऑगस्टिन यांनीं लिहून ठेविलें होतें कीं ते दिवस कोणत्या प्रकारचे होते हें समजणें अति कठीण आहे, व ते आपल्या दिवसांसारखे मानतां येत नाहींत.

मग दगडाचें वय कसें कळलें? ही कल्पना प्रथम नीट मांडणारा मनुष्य जेम्स हटन हा स्कॉटलंडांतील बर्विकशायर परगण्यांत शेती करी. पावसानें आपल्या शेतांतली माती ओढ्यावाटे समुद्राकडे जातांना तो पाही. आज जी झीज व भर डोळ्यांदेखत चालली आहे तीच अपरंपार काळ चालत राहिली तर डोंगर झिजतील व नवे थर बसतील, असें त्यानें १७८८ सालीं प्रसिद्ध केलें. हल्लीं तर खडकालाच घड्याळ सांपडलें आहे. खडकांतील पोटॅशियमचा एक अत्यल्प भाग आपोआप पालटत जाऊन त्यांतून अरगॉन नांवाचा वायु होतो. हा भाग निम्मा होण्यास १२५ कोटि वर्षें लागतात. खडक वितळलेला असतो तोंवर वायु उडून जातो, थिजल्यावर आंत कोंडला जातो. तो किती सांचला हें मोजलें कीं खडक केव्हां थिजला तें निघतें. दख्खनच्या खडकाचें वय या रीतीनें सुमारें ६.६ कोटि वर्षें निघालें आहे. खळगे अर्थातच त्याहून पुष्कळ अलीकडचे. कारण आधीं नदीनें वरचे थर कापून येथवर उतरावयास हवें.

हें झाल्यावर मीं त्या गृहस्थांस स्टीफन हिस्लॉप यांची हकीकत सांगितली. हेहि बर्विकशायरचेच. १८४५ सालीं ते मिशनरी म्हणून नागपुरास आले, शाळा काढली, गांवोगांव उपदेश केला, आणि वाटेंत दगड फोडले! आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना नागपुराजवळ टाकळी येथें दोन तप्त थरांच्या मध्यें मातीचा एक थर आढळला, आणि त्यांत गोड्या पाण्यांतील शिंपले व वनस्पतींचे अवशेष होते. याचा अर्थ असा कीं एक थर वाहून थंड झाला, त्यावर तळें सांचलें, तळ्यांत गोगलगाई नांदल्या, आणि मग दुसरा थर आला. एका आठवड्यांत हें होणार नाहीं, हें हिस्लॉपसाहेबांस मुलांच्या बापाइतकेंच स्वच्छ कळलें असेल. त्यांनीं हा शोध लंडनच्या विद्वानांस कळविला, आणि उपदेशाचें कामहि सोडलें नाहीं. १८६३ च्या सप्टेंबरांत बोरीजवळ एक ओढा ओलांडतांना पुरांत सांपडून त्यांचा अंत झाला. नागपूरच्या महाविद्यालयास त्यांचेंच नांव आहे.

ते गृहस्थ कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळीं मलाहि न्या." त्यांची शंका समूळ फिटली असें मी म्हणत नाहीं. माझ्याहि मनांत कांहीं प्रश्न आहेत. पण बापलेक एका दगडाविषयीं घरीं बोलूं लागले, हें मला पुरेसें वाटलें.

जे पालक मुलांस निघोजला नेतील त्यांनीं उन्हाळ्यांत जावें. पावसाळ्यांत कातळ शेवाळलेला असतो, पाण्यानें भरलेल्या रांजणाचा तळ दिसत नाहीं, आणि पोट मोठें व तोंड लहान असल्यामुळें आंत पडलेल्यास वर येणें अति कठीण. वरच्या अंगास आतां माणिकडोह व येडगांव हीं धरणें आहेत. तेथून पाणी सुटलें तर कोरडें पात्रहि थोड्या वेळांत भरतें. या धरणांमुळें पुराचा पूर्वीचा आवेग कांहीं आटोक्यांत आला असावा, आणि त्या मानानें नदीचें हें कामहि मंदावलें असावें. पण तें थांबलेलें नाहीं. म्हणून एक विनंति आहे. रांजणाच्या तळाशीं वाटोळे गोटे दिसतील, हातांत घेऊन पाहावे, परंतु खिशांत घालून घरीं आणूं नयेत. आमच्या मुलानें काढलेले चार गोटे निघतांना आम्हीं पुनः त्याच खळग्यांत ठेविले आहेत.