कात्यातली पकड
लेखमाला ‘हातघाई’ : भाग सहावा

जुन्नर-आंबेगावात गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. हलगी कडाडते, आधी पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, मग इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती. आखाड्याभोवती बसलेल्या जुन्या माणसांना काही समजावून सांगावं लागत नाही. कुणी पटाला हात घातला, कुणी ढाक लावायला कंबर आत सरकवली, हे त्यांना डाव पुरा व्हायच्या आधीच कळतं. आयुष्यभर कुस्त्या बघून त्यांची नजर तयार झालेली असते.

कराटेचा काता वाचायलाही हीच नजर लागते.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, एकट्याने करायच्या हालचाली, हे गेल्या भागात आलंच आहे. चार पावलं पुढे, वळण, खाली हात, वर हात, ठोसा. आज बहुतेक वर्गांत तो रांगेत उभं राहून, मोजणीवर, पट्ट्याच्या परीक्षेसाठी घोटला जातो. एखाद्या मुलीने विचारलंच की हा हात खाली कशासाठी, तर उत्तर ठरलेलं असतं : समोरच्याने लाथ मारली, ती अडवली. मग दुसरा हात त्याच वेळी मूठ वळून कमरेशी का नेला? अडवायचंच आहे, तर तो हात तोंडासमोर नको का? इथे बरेच शिक्षक गप्प होतात, नाहीतर ‘ताकदीसाठी’ म्हणून वेळ मारून नेतात.

हा प्रश्न तळेघरसारख्या गावात जास्त टोचतो. मंचरहून घोडेगाव आणि डिंभे धरण मागे टाकून भीमाशंकरकडे निघालं की वाटेत तळेघर लागतं. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या डोंगरात विखुरलेल्या, वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. शाळेसाठी, बाजारासाठी, एसटीसाठी पायपीट ठरलेली. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं आत्मरक्षण प्रशिक्षण आहे आणि त्यात कराटेही शिकवता येतं. तीन महिने म्हणजे फार वेळ नव्हे. एवढ्यात मुलींच्या अंगात नेमकं काय भिनवायचं, हे ठरवावंच लागतं.

ते ठरवताना एक गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ओळखीचा माणूस चार हात लांब उभा राहून लाथ मारत नाही. तो जवळ येतो, मनगट धरतो, ओढणी ओढतो, केस पकडतो, भिंतीशी दाबतो, मागून कवळा घालतो. हल्ल्याची सुरुवात पकडीने होते. जुना काता या पकडीबद्दल बरंच काही सांगतो, आणि याचे पुरावे कराटेच्या स्वतःच्या इतिहासात आहेत.

त्यातला सर्वांत जुना १७६२ सालचा. त्या वर्षी रयुक्यू बेटांचं, म्हणजे आजच्या ओकिनावाचं, एक जहाज वादळात भरकटून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. जहाजावरच्या लोकांना विचारून तिथल्या एका विद्वानाने जी टिपणं केली, ती ‘ओशिमा हिक्की’ या नावाने ओळखली जातात. त्यात कुशांकू नावाच्या एका चिनी माणसाचा उल्लेख येतो. अंगाने लहान, पण धिप्पाड माणसालाही तो लोळवत असे. एक हात छातीपाशी, दुसरा हात मोकळा, आणि पायांची कैची. टिपणात याला झोंबीची कला म्हटलं आहे. याच कुशांकूच्या नावाचा काता आजही जगभर केला जातो, तोही बहुतेक ठिकाणी हवेत हात मारत.

ओकिनावात झोंबी घरोघरची होती. शोतोकान कराटेचे प्रणेते गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी आत्मचरित्रात लहानपणच्या ‘तेगुमी’ या कुस्तीच्या खेळाबद्दल लिहिलं आहे. ज्या मुलांच्या अंगात अशी कुस्ती मुरलेली होती, त्यांना काता शिकवताना पकड वेगळी सांगायची गरज पडत नसणार.

मग ती हरवली कशी? १९०१ साली आंको इतोसू या वृद्ध गुरूंनी कराटे ओकिनावाच्या शाळांत आणलं. शेदोनशे मुलं एका मैदानात, हेतू कवायतीचा आणि शरीर कमावण्याचा. सांधा निखळवणारी, गळा दाबणारी विद्या तिथे कोण शिकवील? इतोसूंनी मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काते बसवले. शोतोकानमध्ये त्यांनाच ‘हेयान’ म्हणतात. १९०८ साली शिक्षण खात्याला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात मात्र त्यांनी बजावलं होतं की प्रत्येक हालचालीचा हेतू आणि वापर समजून घेतला पाहिजे. हात सोडवण्याच्या आणि पकडण्याच्या पद्धतींचाही त्यांनी तिथे उल्लेख केला. पत्र राहिलं, कवायत पसरली, आणि तो वापर थोड्या शिष्यांपुरता उरला.

१९२२ साली फुनाकोशी तोक्योला आले आणि जिगोरो कानो यांच्या निमंत्रणावरून जूदोच्या मुख्य केंद्रात, कोदोकानमध्ये, त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. जूदोची फेकाफेक तिथे आधीच शिगेला पोहोचली होती. त्या वातावरणात कराटेची ओळख ठोसा आणि लाथ अशी घट्ट होत गेली. तरीही १९३५ सालच्या ‘कराटे-दो क्योहान’ या ग्रंथात फुनाकोशींनी नऊ फेका दाखवल्या. त्यातली ‘उदेवा’ बघून आपल्याकडचा कुठलाही पैलवान म्हणेल, हा तर दुहेरी पट. खाली बसायचं, दोन्ही गुडघ्यांमागे हात घालायचे, डोकं पोटात खुपसायचं आणि पाय ओढून घ्यायचे.

इकडे बडोद्यात १९३६ पासून द. चिं. मजुमदार यांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडाखंडाने बाहेर पडत होता. त्यात कुस्तीच्या डावपेचांना मोठी जागा मिळाली. दोन्हीकडे एकाच सुमारास जुनी विद्या कागदावर उतरत होती. फरक हा की आपल्याकडे डाव तालमीत जिवंत राहिला, कारण जोड समोर असल्याशिवाय कुस्तीचा सराव होतच नाही. कराटेत जोड बाजूला झाली आणि निम्मा काता मुका झाला.

आता त्या कमरेशी जाणाऱ्या हाताकडे पाहू. कराटेत त्याला ‘हिकिते’ म्हणतात. समजा, एखाद्याने उजव्या हाताने मुलीची ओढणी छातीपाशी पकडली. तिने आपल्या उजव्या हाताने त्याचा पंजा तिथेच दाबून धरायचा, मग मनगटाला पीळ देत तो हात आपल्या उजव्या कमरेकडे ओढायचा. त्याचा हात सरळ होतो, खांदा पुढे झुकतो. त्याच क्षणी तिची डावी कोपरापुढची बाजू उजव्या कानाजवळून निघून त्याच्या ताणलेल्या कोपरावर वरून खाली उतरते. शाळेत जो ‘खालचा अडथळा’ म्हणून घोटला, तो हाच. आता त्यातला एकही हात रिकामा राहिला नाही. एकाने धरलं, दुसऱ्याने मोडलं. समोरचा वाकला की अंतर मिळतं आणि पळता येतं.

दुसरं उदाहरण हेयान शोदान या अगदी पहिल्या कात्यातलं. त्यात एका ठिकाणी पुढचा पाय मागे घेत मूठ गोल फिरवून वर नेतात आणि हातोड्यासारखी खाली आणतात. ही मनगटाची सोडवणूक, हे बहुतेक शिक्षकही सांगतात. पण सांगणं आणि जमणं यात अंतर आहे. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे पकडीची फट असते. हात त्या फटीतून, अंगठ्याच्या बाजूने निघायला हवा. आणि तो एकट्या हाताच्या जोरावर निघत नाही. पाय मागे घेतल्यामुळे सगळ्या अंगाचं वजन त्या ओढीत उतरतं. हवेत हा काता शंभर वेळा केलेल्या मुलीचं मनगट कुणी खरोखर आवळून धरलं की पहिल्यांदा ती खांद्याच्या बळावर झटका मारते आणि तिथेच अडकते. पाय कशासाठी मागे घ्यायचा, हे तिला तेव्हा कळतं.

तिसरं उदाहरण नाइहांची या कात्यातलं; शोतोकानमध्ये त्यालाच तेक्की म्हणतात. यात सगळी चाल आडवी, जणू पाठ भिंतीला टेकलेली आहे. उघडा हात बाजूला जातो, मग दुसरं कोपर त्या तळव्यावर येऊन आदळतं, मग दोन्ही मुठी एकावर एक कमरेशी. कुस्तीच्या खडाखडीत मल्ल मानेवर हात टाकून समोरच्याला खेचतो, ते आठवलं की याचा उलगडा होतो. उघड्या हाताने मानेमागे धरलं, कोपर तोंडावर हाणलं, मग धरलेलं डोकं किंवा हात कमरेकडे ओढून तोल घालवला. पुढे पाऊल आतल्या बाजूने उचलून दुसऱ्या गुडघ्याकडे नेतात. ती पैलवानाच्या ओळखीची आतली टांग ठरू शकते. ओकिनावाचे चोकी मोतोबू (१८७०–१९४४) याच कात्यावर भर देत. पन्नाशी उलटल्यावर क्योतोत त्यांनी एका परदेशी मुष्टियोद्ध्याला आडवं केलं, आणि १९२५ साली ‘किंगू’ मासिकातल्या लेखामुळे ही गोष्ट जपानभर झाली.

कात्यातल्या वळणांचंही तसंच. ‘चारी बाजूंनी चार शत्रू येतात म्हणून चारीकडे वळायचं’, असं मुलांना सांगितलं जातं. शितो-र्‍यूचे संस्थापक केनवा माबुनी यांनी १९३८ सालच्या पुस्तकात हा समज खोडून काढला. शत्रू एकच, आपण त्याच्या मानाने कोणत्या कोनात सरकायचं ते वळण दाखवतं. पूर्ण पाठ फिरवून केलेलं वळण तर कित्येकदा फेकच असते. हात धरून, पाठ देऊन, कमरेवरून टाकणं. याला हगाम्यात काय म्हणतात हे आंबेगावच्या पोराला विचारलं तर तो ढाक किंवा धोबीपछाड सांगून मोकळा होईल.

गेल्या तीसेक वर्षांत हा अभ्यास जगभर नव्याने सुरू झाला. पॅट्रिक मॅकार्थी यांनी ओकिनावाच्या गुरूंनी जपलेल्या ‘बुबिशी’ या जुन्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. जोडीने झुंजणाऱ्या माणसांची ४८ चित्रं त्यात आहेत आणि त्यांत पकडी, फेका भरपूर. मॅकार्थींनी नेहमी घडणाऱ्या हल्ल्यांची ३६ प्रकारांत यादी करून काता त्या हल्ल्यांशी ताडून पाहिला. इंग्लंडचे इयान अॅबरनेथी हेच काम मुख्यतः जवळच्या झटापटीच्या अंगाने करतात. दोघांची रीत एकच : आधी हल्ला कसा होतो ते बघा, मग कात्यात उत्तर शोधा.

कुस्ती आणि आत्मरक्षण यांतला फरकही मुलींना स्वच्छ सांगितला पाहिजे. पैलवानाला चितपट करायचं असतं, म्हणून तो समोरच्यासोबत खाली जातो. मुलीला सुटायचं असतं. खाली जाणं तिच्यासाठी धोक्याचं. कुस्तीत ठोसा, कोपर, बोटं पिरगाळणं चालत नाही, इथे चालतं. कुस्तीत वजनाची जोड लावतात, वाटेवर ती कुणी लावत नाही. म्हणून कुस्तीतून पकडीची जाण घ्यायची आणि कराटेतून आघात. ओढलेल्या, तोल गेलेल्या माणसाला मारलेलं कोपर लहान चणीच्या मुलीचंही लागतं.

आणि हाताआधी तोंड. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. बारा तासांच्या शिबिरात धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणं आणि शारीरिक प्रतिकार हे सगळं शिकवलं गेलं. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण शिबिर केलेल्या गटात ५.२ टक्के होतं, फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के. तेव्हा तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात ओरडण्याचा, नकार देण्याचा आणि घरी सांगण्याचा तास असलाच पाहिजे. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक पाठ हवेत. कायदाही मुलीच्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, अट एवढीच की बचावापुरतंच बळ वापरावं. बलात्काराच्या हल्ल्यात तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो.

तळेघर परिसरातल्या शाळांना यासाठी लांबून काही आणावं लागणार नाही. पैलवानकी केलेली माणसं या पट्ट्यात गावोगाव आहेत. आठवड्यातून एक तास कराटे शिक्षकाने आणि गावच्या वस्तादाने एकत्र घ्यावा, शाळेतल्या बाईंच्या देखरेखीखाली, मुलींच्या जोड्या मुलींशीच लावून. एकेका आठवड्याला एकच पकड घ्यावी : मनगट, ओढणी, केस, मागून कवळा. आधी सावकाश, मग धरणाऱ्या मुलीने खरंच आवळून धरायचं, सोडायचं नाही. कात्यातली ती हालचाल जमली की मग रांगेत उभं राहून काता. मुलींच्या कुस्तीचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. आत्मरक्षणाच्या तासाला मुलींनी एकमेकींना धरण्यात संकोच वाटायचं कारण उरलेलं नाही.

पट्ट्याच्या परीक्षेतही एक बदल करता येईल. प्रत्येक मुलीने काता करून दाखवावा, आणि त्यातल्या कुठल्याही दोन हालचाली जोडीदारणीने पकडलेलं असताना करून दाखवाव्यात. ज्या हालचालीचा वापर शिक्षकाला दाखवता येत नाही, तिचे गुण मुलीचे कापू नयेत.

पुढच्या भागात : सगळं करूनही खाली पडलं तर? काता जवळजवळ सगळा उभ्यानेच होतो. जमिनीवर पाठ टेकल्यावर पाय कुठे ठेवायचे, मान कशी सांभाळायची आणि उठायचं कसं, यासाठी कुस्तीतली खालची बैठक आणि जूदोची जमिनीवरची झोंबी यांच्याकडे जाऊ.